बुरशीच्या ‘स्ट्रेन’ला, म्हणजे एकाच जातीतल्या वेगळ्या प्रकाराला, मराठीत काय म्हणावं? ‘वाण’ चालेल का?

उसाच्या लाल कुज या बुरशीजन्य रोगावर शेतकऱ्यांसाठी पत्रक लिहितेय. कच्चा मजकूर करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी वाचून दाखवला. ‘लाल कुजीच्या नव्या वाणाने उत्तर प्रदेशात को ०२३८ हा ऊस पाडला’ हे वाक्य आलं आणि मामांनी विचारलं, “नवा वाण कुठं मिळाय लागलाय? बेणं सांगून ठिवू काय?” काय लिहू?

—

‘प्रजाती’ लिहा. वर्तमानपत्रांत तोच शब्द असतो.

—

‘प्रजाती’ नको. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. लाल कुजीची बुरशी, कोलेटोट्रायकम फल्केटम, ही एकच जाती; फरक तिच्या आतले आहेत. आणि ‘वाण’ म्हणजे माणसानं निवडून लावलेला: उसाचा ८६०३२, भाताचा आजऱ्याचा घनसाळ. बुरशीला कुणी लावत नाही. उलट आपण एकच वाण मैलोन्‌मैल लावतो, तेव्हा त्याला भेदू शकणारी बुरशीच तेवढी फोफावते.

मी ‘कुळी’ म्हणेन. शहाण्णव कुळी ऐकत वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण एक पथ्य पाळा. कुळी वंशावरून ठरते, ‘पॅथोटाइप’ माऱ्यावरून. तो ओळखायला ठरावीक वाणांच्या उभ्या उसात कांड्याला भोक पाडून बीजाणूंचं पाणी सोडतात आणि साधारण दोन महिन्यांनी ऊस उभा चिरतात. आंबूस वास येतो. लाली किती कांडी चढली, मध्ये पांढरे आडवे पट्टे आहेत का, हे वाणागणिक बघतात. को ०२३८ ला भेदणारा सीएफ १३ हा पॅथोटाइप असाच वेगळा काढलेला. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यातही हेच दिसतं. १९९८ साली युगांडात सापडलेल्या युजी ९९ या कुळीनं गव्हातल्या एसआर ३१ या रोगरोधक जनुकाची ढाल भेदली. पुढे केनियात त्याच कुळीतला एक पॅथोटाइप एसआर २४ या दुसऱ्या जनुकालाही भेदू लागला. कुळी एक, मारा निराळा. पॅथोटाइपला ‘रोगप्रकार’ म्हणता येईल, पण तो अभ्यासाच्या लेखात ठेवा. शेतकरी त्याचा अर्थ ‘नवा रोग’ असा घेईल. पत्रकात ‘नवी कुळी’ लिहा आणि ती कुठल्या वाणाला भेदते ते त्याच वाक्यात सांगा.

—

‘लाल कुजीच्या बुरशीची नवी कुळी आली, तिच्यापुढे को ०२३८ टिकला नाही’ असं करून काल परत वाचलं. मामा लगेच म्हणाले, “मग ही कुळी आपल्या ८६०३२ वर चालतीया का?”