मरून सुती कापडाचा रंग धुण्यागणिक सुटतोय, फिक्सर वाढवू का?

निळीचाडाग:
५ किलो सुती होजिअरी गडद मरून रंगवली. रिअ‍ॅक्टिव्ह रंग (कापसाशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा), व्हिनाइल सल्फोन जातीचा, कापडाच्या वजनाच्या ४ टक्के म्हणजे २०० ग्रॅम. पाणी ५० लिटर, मीठ ३ किलो, सोडा अ‍ॅश १ किलो, ६० अंशांवर एक तास. मग थंड पाण्यात दोनदा खळबळून, ६० अंशांवर वॉशिंग पावडरीत १० मिनिटं धुवून शेवटी फिक्सर (रंग धरून ठेवायचं रसायन) दिला. शेड मनासारखी आली, पण प्रत्येक धुण्याला पाणी गुलाबी होतं आणि ओलं पांढरं फडकं घासलं की रंगतं.

कढईकाठी:
फिक्सर अजिबात वाढवू नका. मात्रा बरोबर आहेत, गडबड धुण्यात आहे.

सोडा पडला की रंग कापसाशी जोडला जातो, तसा पाण्याशीही. पाण्याशी जोडला गेलेला रंग कामातून गेला. तो धाग्यावर नुसता बसून राहतो आणि त्याला तिथे धरून ठेवतं ते मीठ. मीठ निघाल्याशिवाय साबण काही करू शकत नाही, आणि दोन थंड पाण्यांत ३ किलो मीठ निघत नाही.

आधी थंड पाणी दोनदा, दर वेळी पूर्ण निचरून. मग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने पीएच ७ च्या आसपास आणा, म्हणजे सोड्याचा खारेपणा मारा, पीएच पट्टीने बघून. ही पायरी गाळू नका, कारण सोडा अंगात असताना उकळलं तर व्हिनाइल सल्फोनचा पक्का झालेला रंगही सुटू लागतो. त्यानंतर ७०-८० अंशांचं साधं पाणी १० मिनिटं. खरं काम इथे होतं. मग ९५ अंशांवर साबण, १५ मिनिटं. साबणाचं पाणी गडद निघालं तर पुन्हा एकदा. ६० अंशांवर धुणं म्हणजे वरवरचं पुसणं.

गाळणी:
+१. शिवाय वॉशिंग पावडर बंद करा. तिच्यात भरताड म्हणून बऱ्याचदा सोडियम सल्फेट असतं, म्हणजे रंगाईत मिठाऐवजी वापरतात तेच ग्लॉबर सॉल्ट. एकीकडे मीठ काढायचं आणि दुसरीकडे मूठमूठ परत टाकायचं! साबण म्हणून रंगाईसाठी मिळणारा सोपिंग एजंट घ्या, १ ते २ ग्रॅम प्रति लिटर. पाणी जड असेल तर सीक्वेस्टरिंग एजंटही (पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) लागेल, नाहीतर कॅल्शियममुळे रंगाचा साका धाग्यावर बसतो.

सूतपुतळी:
धुणं हेच मुख्य कारण, पण सोडा कसा घातला ते लिहिलेलं नाही. सुरुवातीलाच मिठाबरोबर ओतला असेल तर कापडात शिरण्याआधीच बराच रंग पाण्याशी जोडला गेला. मीठ टाकल्यावर अर्धा तास फिरवा, मग सोडा वेगळा विरघळवून १०-१० मिनिटांनी तीन हप्त्यांत, पहिला हप्ता सगळ्यात लहान.

निळीचाडाग:
सोडा मिठाबरोबरच घातला होता. आता फिक्सर बसलेल्या कापडाचं काय?

कढईकाठी:
आधी फिक्सर काढावा लागेल. त्याची रीत तुमच्या फिक्सरच्या माहितीपत्रकात असते. फिक्सरसकट कापड साबणात टाकलं तर फिक्सर आणि साबण दोघांचे विद्युतभार उलटे, एकमेकांना धरून चिकट गाठी होतात आणि कापडावर डाग. फिक्सर निघाला की वरची धुलाई करा. शेड थोडी फिकी होईल. आता दिसतेय त्यात सुटा रंगही मोजला गेलाय!

सूतपुतळी:
धुलाई झाली की नाही हे बघायला कापडाचा ओला तुकडा पांढऱ्या सुती फडक्याच्या दोन पदरांत ठेवून गरम इस्त्री दाबा, सुकेपर्यंत. फडक्यावर रंग उतरला तर साबण अजून एकदा. फडकं कोरं राहिलं तरच फिक्सरचा विचार, तोही कापडाच्या वजनाच्या १ टक्क्यापासून. जास्त दिला तर शेड फिरते आणि काही रंग उन्हात लवकर उडतात.