चीनचे व्हिडिओ बघून जे वाटतं ते कितपत खरं? आणि तिथे सगळे खरंच "एकसारखेच" का?

उगाच_विचारतो

गेले दोन-तीन महिने माझं फीड नुसतं चीनने भरलंय. चोंगचिंगला बिल्डिंगच्या पोटातून आरपार जाणारी मोनोरेल, ग्वेइचौमधले दरीवरचे पूल, ड्रोनचे शो, रोबो, काय काय. आणि खाली कमेंट बघाव्यात तर दोनच जातीच्या, एक "हे लोक आपल्या पन्नास वर्षं पुढे गेले" आणि दुसरी "सगळा प्रचार आहे, आत रिकामी शहरं आणि कॅम्प". मधलं कोणी बोलतच नाही.

त्यात परवा जेवताना एक सहकारी म्हणाला की त्यांना हे जमलं कारण तिथे सगळे एकाच वंशाचे, एक भाषा, एक चेहरा, त्यामुळे वाद नाहीत, सरकारने ठरवलं की झालं. मला ते पटलं नाही पण तोंडावर फेकायला काही नव्हतं माझ्याकडे, तिबेट म्हणालो तर तो म्हणे ते सोड, ते वेगळं.

तर तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या जाणकारांनी प्रकाश टाकावा. कृपया धाग्याचं काश्मीर-पाकिस्तान करू नका, हात जोडतो.

---

वुहानरिटर्न

मेडिकलसाठी पाच वर्षं वुहानला होतो, तेव्हा थोडंफार सांगू शकतो, पण एका शहराचं आहे हे लक्षात ठेवा.

"एक भाषा" यावर तर मला हसूच आलं. पहिली दोन वर्षं घासून घासून पुथोंगह्वा शिकलो, म्हणजे ती टीव्हीवरची प्रमाण चिनी, आणि वॉर्डात पाय ठेवला तर म्हातारे पेशंट काय बोलतात एक अक्षर कळेना. वुहानचे लोक न आणि ल यात फरकच करत नाहीत, दुधाला न्यूनाय म्हणायचं तर आजी ल्यूलाय की काय म्हणायच्या आणि मी वहीत तिसराच शब्द लिहून घ्यायचो. मला वाटलं मीच ढ, तर शेजारी उभा असलेला ग्वांगतोंगचा चिनी विद्यार्थी हळूच म्हणाला, मलाही नाही कळलं. आणि गंमत म्हणजे वुहानची बोली तरी मंदारिनच्याच घरातली. तो पोरगा घरी आईशी फोनवर जे बोलायचा ते कँटनीज वुहानच्या माणसाला परक्या भाषेसारखंच. हे सगळे कागदावर "हान", म्हणजे बहुसंख्य समाजाचे बरं का, अल्पसंख्याक अजून आलेच नाहीत गोष्टीत.

२०२० च्या जनगणनेत हान साधारण ९१ टक्के आणि बाकी ५५ समाज मिळून नऊच्या आसपास. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण लोकसंख्या १४१ कोटी आहे, म्हणजे साडेबारा कोटी माणसं झाली! एवढे लोक जगातल्या बऱ्याच देशांत अख्ख्या देशात नाहीत.

कॉलेजच्या गेटसमोर लान्चौ नूडल्सचं दुकान होतं. नाव लान्चौ पण मालक चिंगहायचा हुई मुसलमान, अशी दुकानं चीनभर गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली खूपशी चिंगहायच्याच लोकांची. पांढरी टोपी घातलेला पोरगा कणकेचा गोळा आपटून, दोन्ही हातांनी ताणून, परत दुमडून ताणून, बघता बघता दोऱ्याइतक्या बारीक शेवया काढायचा, विचारायचा जाड हवी की बारीक की चपटी. दारावर हिरव्या पाटीवर चिंगझेन, म्हणजे हलाल, खाली तेच अरबीत. एकदा सुट्टीवरून परत आलो तर अरबी ओळीवर हिरवी टेप. मी विचारलं काय झालं, तो शेवया ताणत ताणतच म्हणाला "नवीन नियम" आणि विचारलं जाड की बारीक. पाच वर्षांत त्या विषयावर त्याचं माझ्याशी झालेलं एवढंच बोलणं. नंतर वाचलं की २०१९ च्या सुमारास बीजिंगसकट अनेक शहरांत अरबी पाट्या काढायला लावल्या होत्या.

---

गोदाम_ते_गोदाम

वरचा प्रतिसाद मस्त, टेपचं वाचून गप्पच झालो.

मी मालाच्या निमित्ताने यीवू या घाऊक बाजाराच्या शहरात जातो, दहा-बारा वर्षं झाली. मी प्रगतीबद्दलच बोलतो, ते माझ्या डोळ्यासमोर झालंय. पहिलं म्हणजे जे दिसतं ते खोटं नाही. ट्रेन खोट्या नाहीत, २००८ ला बीजिंग-त्यानचिन लाईन सुरू झाली आणि २०२४ अखेर हायस्पीडचं जाळं ४८ हजार किलोमीटरच्या घरात गेलं, हे पोस्टर लावून होत नाही. जागतिक बँकसुद्धा म्हणते की चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक अतिगरिबीतून वर आले. ज्यांना सगळंच प्रचार वाटतं त्यांनी एकदा जाऊन नुसतं स्टेशनवर उभं राहावं.

पण व्हिडिओवाले जातात शांघाय, शेनचेन, चोंगचिंग. शितावरून भाताची परीक्षा करतात तसं, फक्त शीत हे लोक मुद्दाम वरचं वरचं उचलतात. २०२० मध्ये त्यांचेच पंतप्रधान ली कछ्यांग पत्रकार परिषदेत बोलून गेले की ६० कोटी लोकांचं महिन्याचं उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे. हजार युआनमध्ये मध्यम शहरात खोलीचं भाडं पण कसंबसं निघतं असं ते स्वतःच म्हणाले. बीजिंगचं दरडोई उत्पादन कान्सू प्रांताच्या चौपट आहे, देश तोच.

एक माणूस सांगतो म्हणजे कळेल. आमच्या पॅकिंगवालीकडे एक बाई आहे, ग्वेइचौची, म्याओ समाजाची. मला कळलं कसं, तर एकदा कागदपत्रांसाठी तिने ओळखपत्र दिलं, त्यावर नावाखाली जन्मतारखेच्या वर "समाज" असा रकाना असतो, तिथे म्याओ लिहिलेलं. मी व्हिडिओत बघितलेलं म्हणून विचारलं, ते चांदीचे मुकुट वगैरे घालता का तुम्ही? ती इतकी हसली की बाकीच्या पण हसायला लागल्या. म्हणे ते आजीचं होतं एक, आता आमच्याकडच्या टुरिस्ट गावात भाड्याने मिळतात, शांघायच्या मुली घालून फोटो काढतात, मी जीन्स घालते. तिचा मुलगा गावी आजीकडे. हुको म्हणून प्रकार आहे १९५८ पासूनचा, माणसाची नोंद ज्या गावात त्याच गावात शाळा-दवाखान्याचा हक्क सरळ मिळतो, शहरात राबायला ये पण पोराला इथल्या सरकारी शाळेत घालायचं म्हटलं की कागदांचा डोंगर. म्हणून पोर तिकडे आणि ती वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला. पूर्वी गाडीत दिवस-रात्र जायची, आता शांघाय-कुनमिंग हायस्पीड यीवूवरून आणि ग्वेइचौमधून जाते, सकाळी बसली की संध्याकाळी पोराजवळ. तिला विचारा विकास खरा का खोटा. ती दोन्ही सांगेल, ट्रेन पण आणि पोरगा लांब आहे ते पण.

रिकाम्या शहरांचं म्हणाल तर काही खरंच रिकामी राहिली, काही भरली, चंगचौचं नवं शहर जे "भुताचं शहर" म्हणून परदेशी टीव्हीवर दाखवलं ते आज गजबजलेलं आहे. त्याच वेळी एव्हरग्रांद ही बडी बिल्डर कंपनी बुडाली आणि लोकांचे पैसे भरलेले फ्लॅट अर्धवट राहिले, हेही तितकंच खरं. ग्वेइचौचे पूल भारीच आहेत, पण तो प्रांत कर्जात पण आकंठ आहे.

---

स्पष्टच_बोलतो

छान चाललंय. नूडल्स झाल्या, मुकुट झाले. उइगुर मुसलमानांचं शिनजियांग कोणी काढेना.

---

जगभ्रमंती७

@स्पष्टच_बोलतो पाश्चात्य मीडिया वाचून मत बनवू नका. कितीतरी यूट्यूबर काशगरला जाऊन आले, लोक बाजारात हसतायत, चौकात नाचतायत, कबाब भाजतायत, उरुमचीपर्यंत बुलेट ट्रेन आहे २०१४ पासून. कुठे दिसला अत्याचार? अमेरिकेला चीन पुढे गेलेला बघवत नाही एवढीच गोष्ट आहे.

---

जुनाट_वाचक

@जगभ्रमंती७ अमेरिकेला बघवत नाही हे मान्य. पण अमेरिकेचा जळफळाट खरा म्हणून बाकी सगळं खोटं होत नाही ना. २००९ ला उरुमचीत दंगल झाली, सरकारी आकडा १९७ मृत, त्यात बरेच हान होते, नंतरच्या वर्षांत हल्लेही झाले, हे सगळं खरं. त्याला उत्तर म्हणून २०१७ पासून लाखो उइगुर आणि इतर मुसलमान लोकांना कॅम्पात डांबलं, चीन आधी म्हणाला असं काही नाहीच, मग म्हणाला ही व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं आहेत, मग २०१९ च्या डिसेंबरात म्हणाला सगळे "पदवीधर" झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अहवाल आला, त्यात म्हटलंय की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. ते काय फॉक्स न्यूज नव्हे. आणि बाजारात कबाब भाजणारा माणूस कॅमेऱ्यासमोर हसतोय यावरून काय सिद्ध होतं? टेपवाला पोरगा पण शेवया ताणतच होता की.

शिनजियांगमध्ये एक गोष्ट मला कायम डोक्यात राहते ती म्हणजे घड्याळ. एवढा रुंद देश पण अधिकृत वेळ एकच, बीजिंगची. उरुमचीचा सूर्य दोन तास मागे. त्यामुळे कित्येक उइगुर लोक स्थानिक वेळ वापरतात आणि हान लोक बीजिंगची, म्हणजे "दहाला भेटू" म्हटलं की आधी विचारायचं कुठले दहा.

आता मूळ प्रश्नातल्या "एकसारखे" बद्दल. बाहेरचे म्हणतात सगळे सारखे, आणि चीन सरकार म्हणतं आम्ही छप्पन्न समाजांचं मोठं कुटुंब. (आपल्याकडे असे छप्पन्न बघितलेत म्हणतात तेच छप्पन्न.) हा छप्पन्न आकडा आला कुठून ते बघा. १९५३ च्या जनगणनेत लोकांना सांगितलं तुमच्या समाजाचं नाव सांगा, तर चारशेच्या वर नावं आली, त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या युन्नानमधून. मग १९५४ ला भाषातज्ज्ञ आणि मानववंशवाल्यांची पथकं पाठवली, काही महिन्यांत त्यांनी याची भाषा त्याच्या जवळची, हा त्याचा पोटभाग असं करत करत युन्नानची यादी पंचविसाच्या आसपास आणली. शेवटचे जिनो, १९७९ ला मान्यता मिळाली, तेव्हापासून दार बंद. मोसुओ लोक, ज्यांच्यात घर आईच्या बाजूने चालतं, ते युन्नानमध्ये नाशी म्हणून मोजले जातात आणि लुगू सरोवराच्या पलीकडच्या काठावर, सिच्वानमध्ये, मंगोल म्हणून. एकाच सरोवराचे दोन काठ!

आणि कप्पा एकदा सरकारी झाला की त्याला स्वतःचं वजन येतं. अल्पसंख्याकांना एक मूल धोरणात सवलत आणि गाओकाओत, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत, जादा मार्क मिळत, ते मार्क आता कमी करत आणलेत. तर १९८२ ते १९९० या आठ वर्षांत मांचू लोकांची (चीनचं शेवटचं राजघराणं यांचंच) संख्या ४३ लाखांवरून ९८ लाख झाली. एवढी मुलं काय झाली नव्हती, लोकांनी नोंद बदलून घेतली, काही मार्कांसाठी, काही आजोबा जे लपवायचे ते आता सांगायची भीती गेली म्हणून. मात्र मांचू भाषा बोलणारे आता हाताच्या बोटांवर, आणि त्यांच्या अगदी जवळची शीपो भाषा जिवंत आहे कुठे, तर पार शिनजियांगच्या इली खोऱ्यात, कारण १७६४ ला बादशहाने सीमेवर पहारा द्यायला त्यांचे सैनिक तिकडे धाडले होते.

बाहेर सगळ्यांना तिबेटी आणि उइगुर माहीत, बरोबरच आहे, दुखणं तिथे आहे. पण सगळ्यात मोठा अल्पसंख्याक समाज च्वांग, दोन कोटींच्या जवळ, त्यांचं नाव कोणी ऐकलेलं नसतं.

अवांतर: २००८ ऑलिंपिकच्या उद्घाटनाला छप्पन्न समाजांच्या पोशाखात छप्पन्न मुलं झेंडा घेऊन आली होती, आठवतंय? नंतर कळलं की त्यातली बहुतेक हानच होती. अधिकारी म्हणाले त्यात काय विशेष, असं करतातच.

---

वुहानरिटर्न

ऑलिंपिकचं माहीत नव्हतं, भारी! घड्याळाच्या बाबतीत +१, आमच्या वर्गातला उरुमचीचा मुलगा दोन घड्याळं लावायचा फोनवर.

@उगाच_विचारतो सहकाऱ्याला वाद घालत बसू नकोस. कोणाकडे युआनची नोट असेल तर उलटी करून दाखव. मागे चिनी सोडून चार भाषा आहेत, मंगोल, तिबेटी, उइगुर आणि च्वांग.

---

स्पष्टच_बोलतो

नोटेवर मंगोल लिहायचं आणि २०२० ला इनर मंगोलियात शाळेतले विषय मंगोलऐवजी चिनीतून शिकवायला लावायचे, पालकांनी पोरं घरी ठेवली तर दमदाटी. नोटेवर लिहायला काय जातंय.

---

जुनाट_वाचक

@स्पष्टच_बोलतो यावर मात्र शंभर टक्के सहमत. युन्नानच्या शादियानला मोठ्या मशिदीचा घुमट उतरवून वर चिनी छत बसवलं, हेही त्याच माळेतलं. एका बाजूने पोशाख, नाच आणि तिकीट लावून गाव दाखवणं वाढतंय आणि दुसऱ्या बाजूने भाषा आणि धर्म आक्रसत चाललाय, म्हणजे डोळ्यांना दिसणारी विविधता चालते, कानाला ऐकू येणारी चालत नाही. व्हिडिओवाल्यांना हे कळत नाही कारण व्हिडिओ डोळ्यांसाठीच असतो.

---

उगाच_विचारतो

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. आतेभाऊ मागे कामानिमित्त जाऊन आला होता त्याच्याकडून दहा युआनची नोट आणली. अक्षरं इतकी बारीक की फोनचा कॅमेरा झूम करून बघावी लागली. वरती मोठ्या रोमन अक्षरांत काहीतरी आहे आणि खाली कोपऱ्यात परत वेगळंच रोमन, ते इंग्रजी आहे का? आणि उभी लिहिलेली ओळ कोणती?

---

वुहानरिटर्न

उभी ती मंगोल. वरचं मोठं रोमन म्हणजे पिनयिन, रोमन अक्षरांत लिहिलेली चिनीच. कोपऱ्यातलं च्वांग.

---

उगाच_विचारतो

आज जेवताना दाखवली. सहकारी पाच मिनिटं बघत होता, मग म्हणाला, "बरं, पण ट्रेन तर भारी आहेत ना त्यांच्या?"