लग्नाची डीव्हीडी वाचत नाही, सीडी चालते. ड्राइव्ह गेला की डिस्क?

आर्वीची लेक
लॅपटॉप जुना आहे, विंडोज ७ चा. दिवाळीपर्यंत डीव्हीडी नीट लागत होती. आता ट्रे आत ढकलला की डिस्क गरगर फिरते, तीन-चारदा कट-कट वाजते अन् थांबते. डिस्क आत असताना 'डिस्क टाका' म्हणते. भजनांच्या सीडी मात्र लागतात. ही डीव्हीडी २०११ मधल्या माझ्या लग्नाची, एकच प्रत. हळदीच्या रात्री आई ओसरीवर बसून गाणी म्हणते, बायका मागून ओळ झेलतात. आई मागच्या पोळ्याला गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. तालुक्यातल्या दुकानात लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही, नवा घ्या म्हणाले. मला फक्त आईचं गाणं पाहिजे.

शेगावकर
ताई, रेजिस्ट्रीतले, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीतले, ड्राइव्हचे फिल्टर उडवून पाहा, माझा ड्राइव्ह तसाच परत आला होता.

वणीचा मेकॅनिक
भाऊ, तो इलाज ड्राइव्ह विंडोजला दिसतच नसेल तेव्हाचा. ताईंची सीडी चालून राहिली, म्हणजे दिसतो. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. आत लेझर सोडणारे डायोड वेगळे असतात, त्यामुळं एक चालतो अन् दुसरा नाही असं होतं. शिवाय डीव्हीडीवर माहिती साठवणाऱ्या खुणा सीडीपेक्षा बारीक, लेन्सवर जरा धूळ आली की आधी तीच अडते. ताई, लॅपटॉप ठेवता कुठं?

आर्वीची लेक
माजघरात. भाव नाही म्हणून दिवाळीनंतरचा सगळा कापूस तिथंच भरून आहे.

वणीचा मेकॅनिक
मग आधी लेन्स पाहा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. पेपरची पिन सरळ करून ट्रेवरच्या बारीक भोकात टोचा. लॅपटॉपमध्ये लेन्स ट्रेसोबतच बाहेर येते, मसुरीच्या दाण्याएवढी. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल नुसतं ओलसर लावा अन् हलक्या हातानं फिरवा. दाबू नका, लेन्स केसासारख्या तारांवर लटकलेली असते. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो. दहा मिनिटं वाळू द्या. डिस्क मऊ कापडानं मधून काठाकडे सरळ पुसा, गोल नाही. लागली तर पाहत बसू नका, आधी कॉपी करा.

आर्वीची लेक
दादा, मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं. लेन्सच्या कडेला रुईचा एक तंतू चिकटलेला होता, पांढरा, वळलेला. दोनदा पुसलं. तिसऱ्या खेपेला डिस्क लागली. व्हिडिओच्या चार फायली आहेत. तीन उतरल्या, चौथी अर्ध्यावर अडकली.

वणीचा मेकॅनिक
डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते, शेवटचा भाग काठाशी असतो. ओरखडे अन् बोटांचे डाग तिथंच जास्त. जबरदस्ती नको. चौथीसाठी दुसऱ्या कोणाच्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा, एकानं नाही वाचली ती डिस्क दुसरा वाचतो पुष्कळदा.

आर्वीची लेक
पुलगावला नणंदेकडे डेस्कटॉप आहे, रविवारी डिस्क घेऊन जाते. चौथीत पाठवणी आहे. हळद दुसरीत होती, ती पूर्ण आली. दोन पेनड्राइव्हवर उतरवली अन् भावाला पाठवली. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, बराच वेळ दोघंही काही बोललो नाही, मागं त्याच्याकडे आईचं गाणं चालू होतं.