‘एकच प्याला’मध्ये सुधाकरासमोर नेमके कोण उभे आहे?

नौपाडाकर :
ठाण्यातील आमच्या वाचनमंडळात सध्या राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’ या दारूच्या व्यसनावरील नाटकाची संहिता वाचतो आहोत. (गडकरी रंगायतनात इतकी नाटके पाहिली, पण ज्यांच्या नावाचे ते नाट्यगृह, त्यांचे हे नाटक सलग वाचण्याची वेळ आत्ता आली.) शोकांतिकेत नायक ठळक दिसावा म्हणून नाटककार त्याच्याजवळ वेगळ्या वळणाचे एक पात्र ठेवतो, ज्याला इंग्रजी समीक्षेत फॉइल म्हणतात. दारूपायी बुडणारा नायक सुधाकर, त्याच्या बाबतीत हे पात्र म्हणजे त्याचा मित्र रामलाल, असे मंडळात बहुतेकांचे मत पडले. मला ते पटत नाही. जो प्यायलाच नाही, त्याच्याशी पिणाऱ्याची तुलना कशी करावी?

नेरुळचा वाचक :
आपली शंका रास्त आहे. माझ्या मते ते पात्र भगीरथ. तोही दारूच्या नादी लागलेला, पण रामलालाच्या आधाराने बाहेर पडलेला. तो नाटकात नसता, तर या विळख्यातून कोणीच सुटत नाही असे म्हणून आपण सुधाकराला मोकळे सोडले असते. सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाचे वेगळे आहे. मुळात उंचीच नसल्यामुळे त्याच्या पडण्याची शोकांतिका होत नाही, आणि त्याच्या आजारपणात डॉक्टर व वैद्य येतात तेव्हा आपण चक्क हसतो.

तळ्याकाठची :
सगळी चर्चा पुरुषपात्रांचीच चालली आहे, म्हणून लिहिते. महाविद्यालयात असताना एका हौशी प्रयोगात मी तळीरामाची बायको गीता केली होती. तिच्या फटकळ बोलण्यावर हशा यायचा, आणि तो पूर्ण विरेपर्यंत सुधाकराची बायको सिंधू हिने तोंड उघडायचे नाही, अशी दिग्दर्शकांची सक्त ताकीद असे. त्या क्षणभराच्या शांततेनंतर सिंधूचा हळू आवाज आला, की तिचे सोसणे ही एकमेव वाट नव्हती, हे प्रेक्षकांना न सांगता कळत असे. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात बालगंधर्व सिंधू झाले आणि तिची पदे घरोघरी गेली. गीतेची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

नौपाडाकर :
दोघांचेही आभार. भगीरथाचा मुद्दा मान्य, तरी एक अडचण उरतेच : सुधाकरही मध्ये दारू सोडतो, काम मागायला जातो आणि अपमान पदरी घेऊन परततो. वकिलीची सनद, म्हणजे परवाना, गमावलेला तो मानी वकील आहे. भगीरथाला असे कोणासमोर हात पसरावे लागले नाहीत. येत्या रविवारी तोच प्रवेश पुन्हा वाचणार आहोत, आणि या वेळी गीतेची वाक्येही मोठ्याने.