विषय: टॅबलेट नको, चष्मे पाठवा (दारव्ह्याकडचा बुढ्यांचा क्लास)

नमस्कार मंडळी,

मी सध्या गावी आहे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून आलोय. मागच्या मीटिंगमधे ठरलं ना की आमच्या गावच्या ज्येष्ठांच्या क्लासला आपल्या मेलबर्नच्या मंडळातर्फे दहा टॅबलेट द्यायचे, त्याबद्दल हे. लांबलचक होणार, आधीच सांगतो.

मीटिंगमधे कोणीतरी वृद्धाश्रम वृद्धाश्रम करत होतं, तसलं काही नाहीये इथे. समाजमंदिराच्या ओट्यावर ऊन उतरलं की लोक जमतात, बाया जास्त, बुढे कमी. बुढे आधी लांब कडुनिंबाखाली बसतात, आपण काही क्लासला आलो नाही असं दाखवत, आणि मग कोणी काही चुकीचं बोललं की तिथूनच ओरडून दुरुस्त करतात. मास्तर कोणी नाही. ज्याला जे येतं ते तो सांगतो, बाकीचे ऐकतात, वाद घालतात, मधेच सुपारी कातरतात.

तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचं वाचन चालतं, एक रिटायर्ड पोस्टमन आहेत ते सुरुवात करून देतात. ४१ अध्याय आहेत, हिशोबाने वर्षाच्या आत संपायला हवेत, पण संपत नाहीत कारण स्वच्छतेवर काही आलं की गावातली नाली कोणी तुंबवली यावर गाडी जाते आणि अध्याय तिथेच राहतो. एक आजी आहेत, त्यांनी लहानपणी मोझरीला, महाराजांच्या आश्रमाच्या गावी, त्यांना खंजिरी वाजवताना पाहिलंय, म्हणजे महाराज १९६८ ला गेले त्याच्या आधीची गोष्ट, त्या बोलायला लागल्या की पोस्टमनकाकाही पुस्तक मिटून ठेवतात. यंदा हे सगळे मोझरीला जाऊनही आले. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट, बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे पैशाचा प्रश्नच आला नाही, प्रश्न आला तो खिडकीचा.

आणि एक दिवस शकुंतलेचा होता. आपली यवतमाळ-मुर्तिजापूर छोटी गाडी हो. एक आबाजी रुळाच्या कामावर होते, त्यांनी कोळशाचं इंजिन पाणी कुठे प्यायचं, चढावर लोक उतरून बाजूने चालायचे, परत चढायचे, सगळं सांगितलं. १९९४ पर्यंत वाफेचंच इंजिन होतं त्या लाईनवर, त्यानंतर डिझेल आलं. गावातले पोट्टेही उभे राहून ऐकत होते, मी तर मोबाईलवर रेकॉर्डच केलं, फाईल मोठी आहे, ज्यांना पाहिजे त्यांना वेगळी पाठवतो.

आता मुद्दा. उल्लास म्हणून जो सरकारी साक्षरतेचा कार्यक्रम आहे, पंधराच्या पुढच्या निरक्षरांसाठी, त्याचा वर्गही इथेच भरतो, बारावी झालेली एक मुलगी शिकवते. मी मागे बसून बघितलं. रांगेत सात बाया, आणि त्यांच्यात चष्मा एक. एकीने दोन ओळी वाचल्या, चष्मा काढून पदराने पुसला, शेजारणीला दिला. ती वाचणार तोवर बाकीच्या पुस्तक हातभर लांब धरून बसलेल्या. मी एकीला म्हटलं काकू, तुम्हाला कठीण जातंय का, तर म्हणाल्या, "मले वाचता येते रे बाप्पा, दिसून नाही रायलं ना." झालं. आपण मेलबर्नमधे बसून ॲप कोणतं टाकायचं यावर पाऊण तास बोललो होतो.

टॅबलेट आले तर ते कोणाच्या घरी ठेवायचे यावरून दोन पार्ट्या पडतील, चार्जिंग कोण करणार, आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांवर नातवांचे गेम असतील. फोन इथे घरोघरी आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्या बाया पोराला व्हॉट्सॲपवर बोलून मेसेज पाठवतात, कोणी शिकवलं नाही. शिकवायचं असेल तर एवढंच की केवायसीच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायचा. त्याला टॅबलेट लागत नाही.

तर माझं म्हणणं, ते पैसे चष्मे, ओट्यावर एक चांगला लाईट आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या यात घाला. बघा पटतं का.

विनू
(गावाहून, रेंज आली की उत्तर देतो)

---

विनू,

खजिनदार म्हणून लिहिते, रागावू नकोस. टॅबलेट असो की चष्मे, मंडळाच्या खात्यातून तिकडे पैसे पाठवताच येणार नाहीत. मंडळ ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड, म्हणजे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे परदेशी देणगीदार. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची मान्यता पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो. तुमच्या ओट्याकडे यातलं काय आहे? नावाचा बोर्ड तरी आहे का?

हां, ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचं (मूळ भारतीय, पण पासपोर्ट परदेशी) मात्र धरतात. म्हणजे माझं धरतात, तुझं नाही.

आणि चष्मे सरसकट वाटू नका. बाजारात शंभर-दीडशेला मिळतो तो प्लस दोन नंबरचा वाचायचा चष्मा लावून मोतीबिंदू जात नाही. आधी तपासणी. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, तुझ्या आईला विचार तिथे किती बाया होत्या.

माई

---

सर्वांस नमस्कार,

विनूचं वाचून मजा आली कारण मी इथे दर बुधवारी जातो तेही हेच आहे. यू थ्री ए, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज. रिटायर लोकांनी रिटायर लोकांना शिकवायचं, शिकवणाऱ्याला पगार नाही. मुळात १९७३ मधे फ्रान्सला तुलूझच्या युनिव्हर्सिटीत सुरू झालं, तेव्हा प्रोफेसर शिकवायचे आणि म्हातारे ऐकायचे. ब्रिटिशांनी १९८० नंतर ते उलटं केलं, प्रोफेसर काढून टाकले, मेंबरांनीच शिकवायचं असं ठरलं, आणि १९८४ ला ते आपल्या मेलबर्नमधे आलं. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, प्रवेशाला शिक्षणाची अट नाही. मी तिथे मोडी लिपी शिकवतो, विद्यार्थी तीन, त्यातला एक ग्रीक आहे, त्याला मराठी येत नाही पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढतो.

म्हणून विनूला एवढंच सुचवतो की त्या बायांच्या मागे परीक्षेचं लचांड लावू नका. ह्या वयात मार्क कशाला? आनंदाने शिकू द्या.

तुमचा, अण्णा (मूळ पुसद)

---

काय चाललंय हे. तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर नाहीत आणि आपण आजोबांना आगगाडीच्या गोष्टी सांगायला खुर्च्या पाठवतोय. मंडळाच्या पैशाने नको. वैयक्तिक कोणाला द्यायचे ते द्या.

बाळ्या

---

अण्णा, माई, बाळूभाऊ,

काल दिवसभर लाईट नव्हती म्हणून उशीर.

माई, तपासणीचं एकदम बरोबर. बोर्ड नाही, नोंदणी नाही, आणि खरं सांगू का, करायची इच्छाही नाही कोणाला, नोंदणी म्हटलं की अध्यक्ष आला आणि अध्यक्ष आला की इलेक्शन आलं. तेव्हा वैयक्तिकच.

अण्णा, परीक्षेबद्दल तुमचं पटत नाही. मीही तसंच बोललो होतो इथे, तर एका आजींनी मला झापलं. "तुह्याजवळ पाच सर्टिफिकेट हायेत म्हणून तुले नाही लागत." उल्लासची परीक्षा दीडशे मार्कांची असते, वाचन पन्नास, लेखन पन्नास, आकडेमोड पन्नास. त्या आजी कापूस वेचून आल्यावर रात्री नातीकडून बेरजा करून घेतात, आणि त्यांनी सर्टिफिकेट कुठल्या भिंतीवर लावायचं ती जागाही ठरवली आहे, मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, फोटोच्या शेजारी, आणि खिळा ठोकून ठेवलाय. मेलबर्नमधे ज्यांनी आयुष्यभर परीक्षा दिल्या त्यांना परीक्षेचा कंटाळा, ठीक आहे. इथे ती कधी मिळालीच नाही. त्यांच्या बरोबरच्याच दुसऱ्या म्हणतात मले नाही बसायचं पेपरले, मी पासबुक वाचाले येते, श्रावणबाळचे दीड हजार जमा झाले की नाही एवढं समजलं की झालं. दोघीही बरोबर.

बाळूभाऊ, शाळेत मास्तर नाहीत हे खरं आहे आणि वाईटच आहे. पण खुर्च्या नाही घेतल्या तर मास्तर येईल का? आणि आबाजींचं वय ऐंशीच्या पुढे आहे, पुढच्या वर्षी शकुंतला कोण सांगेल मला माहीत नाही.

वेळेचंही सांगतो, क्लास रोज नसतो. दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू झाला की बाया वावरात, बुढे रात्री रोही (नीलगाय)-रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला, मग दुपारी कोण येणार, तेव्हा क्लास आठवड्यातून एखादवेळ. उन्हाळ्यात सकाळी. मृग लागला की बंदच. कोणी कुठून रिपोर्ट मागितला की हजेरी किती, तर ह्या हिशोबाने नापास.

आता एक उलटं मागणं आहे आमच्या ओट्याकडून. मंडळात तुम्ही भोंडला करता, इथल्या बाया विचारतात भुलाबाई काहून नाही करत? अर्धं मंडळ तर विदर्भातलं आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजी बसतात, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, रोज गाणी आणि खिरापत ओळखायची. तीन आजींना तासभर न थांबता म्हणता येतील एवढी गाणी पाठ आहेत. त्या व्हिडिओवर आपल्या पोरांना शिकवायला तयार आहेत, फी नाही, फक्त पोरांनी मधे फोन बघायचा नाही अशी अट आहे. रविवारी इथे सकाळी साडेआठ म्हणजे मेलबर्नला दुपारचा एक, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून तुमची घड्याळं पुढे जातात म्हणून दोन. हे आजींना समजावून सांगताना माझी जी फजिती झाली ती वेगळी, त्यांचं म्हणणं तुमच्याकडे घड्याळ सरकारच्या मर्जीने चालत असेल तर सरकारलाच सांगा.

हॉल आणि मोठा स्क्रीन मंडळाचा, त्याला एफसीआरए लागत नाही ना माई? भारतीय पासपोर्टवाल्यांनी चष्म्याचं मला वेगळं लिहा, ह्या लिस्टवर आकडे नकोत. तपासणीचा दिवस दारव्ह्याला विचारून कळवतो. आणि पोरांची नावं-वयं लवकर द्या, आजींना आधी माहीत पाहिजे, लहान जास्त असतील तर त्या छोटी गाणी काढणार आहेत.

विनू