मदत हवी आहे: केटलबेल स्नॅच करताना तळहात फाटतोय

मंडळी, इथे कोणी केटलबेलवाले (हँडल असलेल्या लोखंडी गोळ्याने व्यायाम करणारे) आहे का? स्विंगपर्यंत (बेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं) सगळं ठीक असतं. स्नॅच (बेल एका झटक्यात खालून डोक्यावर नेणं) सुरू केले की अनामिकेखालचा घट्टा उचकटतो आणि मग लिंबू पिळणंसुद्धा नकोसं होतं. १६ किलोला क्वचित, २४ किलोला हमखास. पाच मिनिटांत १०० स्नॅचची चाचणी द्यायची आहे, त्यामुळे 'स्नॅच सोडून दे' हा सल्ला कृपया नको.

आंघोळीनंतर घट्टे मऊ असताना वज्रीने घासून सपाट करतो. पूर्ण काढत नाही, खालची कोवळी कातडी अजून लवकर सोलते. रात्री खोबरेल तेल. फाटलंच तर साबणाने धुऊन, लोंबती कातडी स्वच्छ कात्रीने कापून पट्टी.

खरी अडचण खाली येतानाची आहे. बेल वरून पडताना हँडल तळहातातून बोटांच्या पेरांवर सरकायला हवं, पण ते घट्ट्यालाच चिमटा काढतं. मूठ सैल सोडली की बेल निसटायची भीती, आवळली की कातडी गेली! तुम्ही मनगट नेमकं कधी वळवता? बेल डोक्याच्या उंचीवर असताना, की त्याही आधी?

आणि चॉकचं (पकडीसाठी हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीचं) काय करता? पावसाळ्यात घामामुळे लावावाच लागतो, पण थर जाड झाला की हँडल सरकतच नाही. जिममधल्या बेलचं हँडल खरखरीत आहे, त्यावर बारीक पॉलिश पेपर मारून कोणाला फरक पडलाय का? (जिमवाल्याला विचारूनच मारेन.) हातमोजे मला जाड वाटतात, पकडच कळत नाही.

जखम भरत असताना सराव कसा चालू ठेवता, तेही सांगा.