परिचारिकेची नोकरी आणि मुंबईतील बिऱ्हाड : आपले अनुभव सांगा

नलिनी (निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर)

माझ्या भाचीची परळच्या एका मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून निवड झाल्याची बातमी गेल्या आठवड्यात आली आणि पेढे वाटून होण्याआधीच घरात ‘मुलगी राहणार कुठे?’ हा प्रश्न सुरू झाला. १९८४ साली मी कोकणातून प्रशिक्षणासाठी मुंबईत आले तेव्हा माझ्या वडिलांनीही हेच विचारले होते. त्या वेळी ‘नर्सेस होस्टेल’ एवढे उत्तर पुरेसे होते, कारण एक कॉट, एक कपाट आणि मेसचे जेवण यांची सोय रुग्णालयच करत असे. लग्न ठरले की मात्र ती कॉट सोडावी लागे आणि खरी मुंबई तिथून पुढे सुरू होई.

लग्नानंतर आम्ही लालबागच्या चाळीत एका खोलीत सहा माणसे राहत होतो. रात्रपाळी करून घरी आले की मला झोपायला पोटमाळा दिलेला होता. तिथे ताठ बसता येत नसे, वरचा पत्रा दहा वाजताच तापायला लागे आणि खाली स्टोव्हचा भरारा चालू असे. सासूबाई प्रेमळ होत्या आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ‘हळू बोला, सून झोपली आहे’ असे बजावत असत. पण ते बजावणेच इतक्या मोठ्याने होत असे की माझी झोप त्यानेच मोडे. तरीही वॉर्ड चालत दहा मिनिटांवर होता. पुढे डोंबिवलीला दोन खोल्यांची स्वतःची जागा घेतली, दार लावून झोपण्याची सोय झाली आणि झोपायला वेळच उरला नाही. या शहरात परिचारिका भाडे पैशांत तरी देते किंवा झोपेत तरी देते, असे माझे मत तेव्हापासूनचे आहे. भाचीला काय सांगावे हे ठरवण्याआधी तुम्हा सर्वांचे ऐकायचे आहे.

वर्षा, बदलापूर

नलिनीताई, झोपेचे म्हणाल तर माझी निम्मी झोप मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात होते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर साधारण ६८ किलोमीटर आहे. सकाळपाळीला वेळेत ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा, घ्यायची असेल तर घरातून पहाटे पाचच्या आत निघावे लागते, म्हणजे पोळ्या आदल्या रात्री लाटून ठेवाव्या लागतात. दुपारपाळी सर्वांत वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊला सुटायचे म्हटले तरी ओव्हर देऊन, औषधांचा हिशेब जुळवून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ होतात, दादरला गाडी बदलावी लागते आणि बदलापूरला उतरल्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावे लागते. मुले तोवर झोपलेली असतात.

त्या मानाने रात्रपाळीचा परतीचा प्रवास चांगला म्हणावा लागेल, कारण सारे शहर मुंबईकडे निघालेले असते आणि आम्ही उलट दिशेने रिकाम्या गाडीत बसलेल्या असतो. आमच्या डब्यात एक अलिखित नियम आहे : अंबरनाथ आले की जी जागी असेल तिने बाकीच्यांना उठवायचे. गाडी कर्जतची असली आणि सगळ्याच झोपल्या, तर थेट कर्जतचा वडापाव खाऊन परत यावे लागते.

सुहास

मी परिचारिका नाही, परिचारिकेचा नवरा आहे. आम्ही नालासोपाऱ्याला राहतो. पत्नी सकाळी चर्चगेटची गाडी पकडण्यासाठी आधी उलट विरारला जाते आणि त्याच गाडीत बसून परत येते, ज्याला आमच्याकडे ‘रिटर्न’ म्हणतात. उभे राहून गेल्यावर पुन्हा वॉर्डात सहा-सात तास उभे राहणे तिच्या पायांना झेपत नाही. त्यासाठी लागणारा जादा वेळ कोणत्याही ड्यूटी तक्त्यात दिसत नाही, एवढेच मला लिहायचे होते.

शीतल

वरचे सगळे अनुभव सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीतील दिसतात; खासगीत काम करणाऱ्यांचे वेगळे आहे. मी मध्य मुंबईतील तीसेक खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये जीएनएम ही परिचर्येची पदविका करून लागले तेव्हा हातात चौदा हजार रुपये येत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार असावा, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर तो राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा, अशी शिफारस केली. ती अमलात आणणे राज्यांवर सोपवलेले होते. मी आमच्या मालकांसमोर तो कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो पूर्ण वाचला, चहा मागवला आणि पुढच्या महिन्यापासून पाचशे रुपये वाढवले.

तेव्हा मी परळ गावात एका मावशींच्या खोलीत पैसे भरून राहत होते. तिथे आम्ही पाच मुली आणि तीन कॉट असे गणित होते. रात्रपाळीवाली सकाळी आली की दिवसपाळीवालीची कॉट तिची होत असे. प्रत्येकीची चादर आणि उशीचा अभ्रा मात्र वेगळा, घडी करून ट्रंकेवर ठेवलेला. खिडकीला काळे कापड खिळ्यांनी ठोकले होते. दोघींचा डे ऑफ एकाच दिवशी आला की भांडण ठरलेले असे, म्हणून आम्ही इन्चार्ज सिस्टरांना विनंती करून ऑफ वाटून घेत असू. त्यांना वाटे की या मुलींना रुग्णांची किती काळजी आहे!

मीनल कु.

शीतल, काळे कापड आम्हीही लावले होते. त्यावरून समोरच्या इमारतीतल्या काकूंनी आमच्या घरात काहीतरी भलतेच चालते, असा समज करून घेतला होता.

अधिपरिचारिका, भायखळा

घरभाडे भत्त्याचा हिशेब कोणी मांडला नाही, म्हणून मांडते. अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगात ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. सहाव्या आयोगात मुंबईसाठी घरभाडे भत्ता ३० टक्के होता, तो सातव्यात आरंभी २४ टक्के झाला. म्हणजे तेव्हा नव्या मुलीला ८,४९६ रुपये मिळत. तेवढ्यात भायखळा-परळ भागात स्वतंत्र खोली मिळत नाही, हे मी दलालांच्या पायऱ्या झिजवून सांगते आहे. त्यावर अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा करार आणि दर करारामागे एका महिन्याचे भाडे दलालाला. क्वार्टर मिळाले तर भत्ता बंद होतो, पण तो व्यवहार डोळे मिटून फायद्याचा आहे. म्हणून नलिनीताई, भाचीला रुजू झाल्याच्या दिवशीच क्वार्टरसाठी अर्ज द्यायला सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू देऊ नका.

म्हाडाचे कोणी सुचवण्याआधीच लिहिते. मुंबईत अल्प उत्पन्न गटाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ९ लाख रुपये उत्पन्नाची आहे. माझा आणि नवऱ्याचा पगार एकत्र केला की आम्ही त्या गटातून बाहेर पडतो, आणि वरच्या गटातील घरांच्या किमती पाहिल्या की यादीतूनच बाहेर पडतो.

ब्रदर, सातारा (सध्या कळवा)

पुरुष परिचारकांचे एक दुःख नोंदवून ठेवतो. नर्सेस होस्टेलमध्ये आम्हाला जागा नसते आणि बाहेर भाड्याने मागायला गेलो की ‘बॅचलर’ म्हणून नकार मिळतो. एका सोसायटीत मी नर्स आहे असे सांगितल्यावर सचिवांनी ‘मग मिसेस काय करतात?’ असे विचारले. नर्स म्हणजे पत्नीच असणार, अशी त्यांची ठाम समजूत होती. अखेर आम्ही चार ब्रदर मिळून कळव्याला राहू लागलो. आता त्याच सोसायटीत कोणाचे सलाईन लावायचे असो की आजोबांचा रक्तदाब पाहायचा असो, रात्री दोन वाजताही आमचीच बेल वाजते. ती सेवा अर्थातच भाड्यातून वजा होत नाही.

वर्षा, बदलापूर

ब्रदर, आमच्याकडे इंजेक्शनाच्या बदल्यात निदान अळूवड्या तरी येतात. कळवेकरांना कळवा.

स्नेहल, विरार

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि अत्यावश्यक सेवेसाठी त्या १५ जूनला पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात दूर राहण्याचा खरा अर्थ समजला. एसटी आणि बेस्टच्या बसने विरारहून शहरात यायला लागणारा वेळ आणि त्यानंतर पीपीई किटमध्ये काढलेले तास यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ते सोडते. आमच्या घरमालकांनी मात्र फोनवर अतिशय नम्रपणे ‘ताई, तुम्ही काही दिवस तिकडेच राहिलात तर बरे’ असे सुचवले. त्याच आठवड्यात सोसायटीने गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या. भाडे मी पूर्ण भरले, राहिले मात्र रुग्णालयाने दिलेल्या हॉटेलात. आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांवर राहिल्यामुळे सलग सात तास झोपले. त्या दिवसांबद्दल चांगले काही आठवायचे तर हेच आठवते, आणि ते लोकांना सांगताना संकोच वाटतो.

मृणाल, लंडन

मी सांगलीची, सध्या लंडनमध्ये एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत काम करते. इथेही रडगाणे तेच आहे, पण एक व्यवस्था मला उल्लेखनीय वाटते. शहराच्या महागाईसाठी मूळ वेतनावर वेगळा भत्ता असतो : आतल्या लंडनसाठी २० टक्के, बाहेरच्या लंडनसाठी १५ टक्के आणि कडेच्या पट्ट्यासाठी ५ टक्के, शिवाय त्याला किमान आणि कमाल मर्यादा. तरीही मी बाहेरच्या लंडनमधील इल्फर्डला एका घरात तीन केरळी मैत्रिणींबरोबर राहते आणि स्वयंपाकघरात माझ्या वाट्याला एकच कप्पा आहे. आमच्या पाळ्या साडेबारा तासांच्या असतात, त्यामुळे आठवड्यातून तीन-चारदाच जावे लागते. लांब राहणाऱ्याला हे फार सोयीचे पडते. मुंबईत हे चालेल का, याबद्दल मला शंका आहे, कारण बारा तासांच्या पाळीला बदलापूरचा प्रवास जोडला तर वर्षाताईंना घरी जाण्यात अर्थच उरणार नाही.

अधिपरिचारिका, भायखळा

मृणाल, तो भत्ता तुम्ही राहता त्या ठिकाणावरून ठरतो की रुग्णालयाच्या ठिकाणावरून?

मृणाल, लंडन

रुग्णालयाच्या ठिकाणावरून. त्यामुळे आत काम करून बाहेर राहण्याकडेच सर्वांचा कल असतो, आणि पहाटेच्या बसमध्ये निम्म्या जणी आमच्याच वॉर्डातल्या निघतात.